अकरा बुधवारांची पाळत

चौकशीमावशी हे नाव आपल्याला कुणी ठेवलं, याचीही मावशीनं चौकशी केली होती. पत्ता लागला नाही, तेव्हा तिनं संशय नवऱ्यावर ठेवला आणि विषय संपवला.

मावशी बावीस वर्षं घरी कपडे शिवत होती. एकदा तिचं शिलाई मशीन दुरुस्तीला गेलं आणि परत आलं ते नव्याच्या जागी जुनं शटल घालून. त्या दिवसापासून तिनं मनाशी ठरवलं, की मशीन दुरुस्त करायला आपणच शिकायचं, परवाना काढायचा आणि स्वतःचं टेबल मांडायचं. सेहेचाळिसाव्या वर्षी ती मशीनमास्तरांच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागली. घरचं सांभाळून जायचं, म्हणून अर्धवेळ, आठवड्याचे तीनच दिवस. त्यामुळे दीड वर्षाचं शिक्षण तीन वर्षांवर गेलं. तिनं शिकाऊंसाठीच्या नियमांची अठ्ठावीस पानी पुस्तिका, घरमालक नव्या भाडेकरूची माहिती काढतो तशी, खोदून खोदून वाचली.

दीड वर्ष सुरळीत गेलं. मग प्रशिक्षण केंद्राचे वर्ग सुरू व्हायची वेळ आली आणि ती नवव्या नियमापाशी अडकली. तीन दिवसांतला एक दिवस, बुधवार, केंद्रातल्या वर्गाला जायचं. मालकानं तो कामाचाच दिवस धरून पूर्ण भत्ता द्यायचा.

"अहो, दुकानात पाऊल न टाकता पूर्ण हजेरी?" तिनं नवऱ्याला विचारलं. "कोण देतं असं?"

"नियम देतो."

"नियमाच्या खिशातून जातंय का? जातंय मास्तरांच्या खिशातून. मग मास्तर गप्प कसे?"

"भले असतील."

मावशीनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं वर्तमानपत्र उघडलं. इथं नक्की पाणी मुरत होतं. मास्तरांनी अजून तिला शटलचं टायमिंग लावायला शिकवलं नव्हतं. सुई खालून वर निघताना धाग्याचा इवलासा फासा होतो, तो शटलच्या टोकानं नेमका पकडावा लागतो. केसभर चुकलं की टाका सुटलाच. सगळी विद्या त्यात. म्हणजे ही विद्या मास्तर बुधवारीच बाहेर काढत असणार, आणि म्हणूनच तिला वर्गाला पिटाळत असणार!

तेव्हा बुधवारी वर्गाला न जाता मावशी दुकानात हजर.

"आज वर्ग ना?" मास्तरांनी विचारलं.

"अजून सुरू नाही झाला," मावशीनं ठोकून दिलं आणि स्टूल ओढून मास्तरांच्या हातासमोर बसली.

मास्तर चपापले. ही बाई नियम तोंडपाठ म्हणते, भत्ता मिळत असताना घरी बसत नाही, डोळ्यांत तेल घालून आपल्या हातांकडे बघते. ही शिकायला आलेली नाही, हिला केंद्रानं आपल्यावर नजर ठेवायला पाठवलंय! हिला घालवून देण्याची सोय नव्हती. मास्तर त्या दिवशी फक्त धूळ झटकत राहिले. दुसऱ्या बुधवारी त्यांनी स्क्रू मापाप्रमाणे लावले. तिसऱ्या बुधवारी भिंत पुसली. मावशीची खात्री वाढतच गेली. ज्याला लपवायचं नाही, तो भिंती कशाला पुसेल?

असे अकरा बुधवार गेले. केंद्राची पत्रं घरी येत होती, पण त्यांवरचा शिक्का कधी तिरका, कधी सरळ. मावशीनं ती न फोडता पुरावा म्हणून जपून ठेवली.

बाराव्या बुधवारी केंद्राच्या तपासनीस बाई दुकानात आल्या.

"मावशी, अकरा गैरहजेऱ्या. दहाच्या वर गेल्या की नोंदणी रद्द. पत्रं पाठवली होती ना?"

मावशीनं पिशवीतून गठ्ठा काढला. "हा शिक्का तिरका, हा सरळ. खरा कुठला?"

"दोन्ही मीच मारलेत."

मावशीच्या हातातला गठ्ठा खाली आला. नोंदणी रद्द म्हणजे दीड वर्ष पाण्यात, परवाना नाही, टेबल नाही. जन्मात पहिल्यांदा तिला विचारायला प्रश्न सुचेना.

बाईंनाच दया आली. "चौदावा नियम आहे. मास्तर, त्या दिवसांत तुम्ही इथं शिकवलं असेल, तर तसं लिहून द्या. ते बुधवार धरता येतील. नाहीतर तुमच्याकडेही खुलासा मागावा लागेल, बुधवारी हिला दुकानात का ठेवलंत म्हणून."

मावशीनं मास्तरांकडे पाहिलं. एक ओळ लिहिली की दोघंही सुटत होते.

"नाही शिकवलं," मास्तर म्हणाले. "अकरा दिवसांत हिला एक स्क्रूसुद्धा शिकवला नाही. मला वाटलं, ही तुमची माणूस. मी हिच्यावर नजर ठेवून होतो, ही माझ्यावर."

"मी? यांची माणूस?" मावशी ओरडली.

"मग काय तर! नियम पाठ कोण करतं?"

"आणि तुम्ही टायमिंग लपवत होता, त्याचं काय?"

"अगं, ते वर्गात शिकवतात! मोठा नमुना असतो तिथं, आतलं सगळं दिसतं. इथं मशीनच्या या अंधाऱ्या भोकात काय दाखवू तुला, माझं नशीब?"

बाईंनी हसू आवरत घसा साफ केला. मालक ठेवायला तयार असेल, तरच अकरा आठवड्यांची मुदतवाढ मिळेल. दोघांची सही लागेल, असं त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फडक्यानं हात पुसले. मावशीला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार, आणि म्हणालाच तर त्याचं काय चुकलं?

"वाढवा," मास्तर म्हणाले. "पण बुधवारी ही मला इथं दिसता कामा नये. पुसायला आता भिंती उरल्या नाहीत."

त्यांनी चष्मा लावून बाईंनी दिलेला कागद वाचला आणि सही केली. मग मावशीपुढं सरकवला. बारीक अक्षरांची तीन पानं. मावशीनं पेन उचललं आणि थेट शेवटच्या पानावर सही ठोकली.

"वाचलं नाहीस?" मास्तरांचे डोळे मोठे झाले.

"तुम्ही वाचलंत ना?"

"हो."

"मग झालं," मावशी म्हणाली, आणि वर्गाची वेळ साडेदहाची, म्हणून चपला शोधायला लागली.