डेअरीच्या खोलीतली सुपं

त्या दुष्काळात आमच्या गावची दूध डेअरी बंद पडली. जनावरंच छावणीत, मग दूध येणार कुठून? सहकारी संस्थेने दूध घ्यायची खोली बायका-मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेला वापरायला दिली आणि डेअरीच्या पाटीखाली आमची पाटी लागली, ‘कुटुंब सल्ला केंद्र’. आत आंबूस वास कायम होता. मी तिथे लिहायच्या कामाला होते. समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं याबद्दल मला शंका नव्हती.

केंद्र चालवायच्या एक निवृत्त नर्सबाई, नांदूरघाटकडच्या, बौद्ध घरातल्या. नोकरीच्या सुरुवातीला ज्या घरांनी त्यांना ओसरीच्या खाली उभं ठेवलं, त्याच घरांतली बाळंतपणं पुढे त्यांनी केली. त्या स्वतः हे कधी सांगत नसत. केंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्याच सांगायच्या, जरा ओशाळून.

त्यांची कामाची रीत मला आधी फार विचित्र वाटली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी संस्थेचं वसतिगृह होतं आणि त्याची ज्वारीची पोती आमच्याच खोलीत पडलेली असायची. कोणीही बाई आली की नर्सबाई तिला आधी पाण्याचा तांब्या द्यायच्या, मग तिच्यापुढे निवडायच्या ज्वारीने भरलेलं सूप ठेवायच्या आणि एक सूप स्वतः घेऊन बसायच्या. प्रश्न एकही नाही. “सल्ला फुकट म्हणून ज्वारी निवडून घेता होय?” असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. त्या खूप हसल्या आणि तिसरं सूप माझ्यापुढे सरकवलं. पंधरा दिवसांत माझं तोंड बंद झालं. पोलीस चौकीत जी बाई “पडले” एवढंच म्हणायची, ती इथे खडे वेचता वेचता, मान वर न करता, सगळं सांगून जायची.

दसरा तोंडावर आला होता. नर्सबाई वसतिगृहावर गेलेल्या आणि मी एकटीच होते. पाच कोस चालत एक सासू-सून आल्या. सून पंचविशीची, दोन लेकरांची आई. पोटात दुखायचं, अंगावर पांढरं जायचं. एका खाजगी डॉक्टरने गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितलं होतं, नाहीतर कॅन्सर होईल म्हणून. सोमवारची तारीख ठरलेली. ऑपरेशन उरकून, थोडी उभी राहिली की सून नवऱ्याबरोबर कारखान्यावर जाणार होती. सासूला आमच्याकडून फक्त वसतिगृहात नातवंडांसाठी दोन जागा हव्या होत्या. पिशवीचं तिने जाता जाता सांगितलं, दाढ काढायची असावी तसं.

माझं डोकं फिरलं. बाईशी ती एकटी असताना बोलावं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी सासूला सरळ बाहेर पायरीवर, उन्हात बसायला सांगितलं. सूप राहिलं बाजूला, त्या पाण्याच्या टंचाईत पाच कोस चालून आलेल्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. आत सुनेला मोठ्याने हक्क समजावले. बाहेर ऐकू जावेत म्हणूनच मोठ्याने. दहा मिनिटांत सासू आत आली आणि सुनेचा दंड धरून तिला उभं केलं.

“चल गं. हितं माणसाला माणूस म्हणत न्हाईत.”

सुनेने जाताना एकदा मागे वळून पाहिलं. ती नजर आठवली की मला आजही माझी लाज वाटते.

नर्सबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “उद्या चल माझ्याबरोबर. घागर घे, आणि तोंड घरी ठेव,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासू-सुनेच्या गावात टँकर आला होता. सासू रांगेत होती. साठी ओलांडलेल्या नर्सबाई पदर खोचून तिच्या मागे उभ्या राहिल्या. कालच्याबद्दल अवाक्षर नाही. पाणी भरलं, एक घागर त्यांनी घेतली, एक मी. घरापर्यंत गेलो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन दारात आलेल्या बाईला कोण हाकलणार? सासूने वाकळ टाकली. नर्सबाईंनी तिचंच सूप मागून घेतलं आणि तिचीच ज्वारी निवडायला बसल्या.

बऱ्याच वेळाने सासू आपणहून बोलली. “मी तिची वैरीण न्हाई. माझीबी काढलीय, तिच्याच वयात. उसाच्या फडात पाळी आली की लई हाल व्हत्यात. तिचं तरी सुटावं.”

“काढल्यावर तुमचं कसं काय?” नर्सबाईंनी पहिल्यांदाच काही विचारलं.

सासूचा हात थांबला. कंबर धरते. अंगातून वाफा निघतात. मोळी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गावातल्या सगळ्या बायकांचं असंच होतं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. नर्सबाई ऐकत राहिल्या. निघताना म्हणाल्या, “सोमवारच्या आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईला एकदा दाखवू. तुम्हीच घेऊन या. पोरगी तुमची आहे.”

माझ्या हातात असतं तर मी सुनेला एकटीला बोलावलं असतं, आणि ती आलीच नसती.

त्या दोघी आल्या. तपासणी झाली. डॉक्टरीणबाई सासूलाच आत बोलावून म्हणाल्या, पिशवी चांगली आहे, जंतूंमुळे त्रास होतोय, गोळ्यांनी बरं होईल, काही काढायचं नाही. सून औषधाच्या खिडकीपाशी गेली. मी आनंदाने काहीतरी बोलणार, एवढ्यात बाकावर बसलेल्या सासूने नर्सबाईंना विचारलं, “मंग माझीबी काढायची गरज नव्हती का वं?”

मी जमिनीकडे पाहायला लागले. मला वाटलं, नर्सबाई काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी तिचा हात हातात घेतला. “नसावी,” म्हणाल्या.

सासू रडली नाही. पदराने तोंड पुसून उठली.

“आमच्या आळीत आणखी दोघींची तारीख सोमवारचीच हाय,” ती म्हणाली. “मीच त्यायला सांगितलं व्हतं, काढून टाका म्हणून. चला, आजच जावं लागंल.”