दाजींची तोफ आणि नवी बॅटरी

शिनोलीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. या धंद्यात माणूस थोडा गर्विष्ठ होतो. जळालेली मोटार घेऊन शेतकरी रडकुंडीला आलेला असतो आणि आपण चहा पीत म्हणतो, ठेवून जा, बघू. कुठलीही फिरणारी वस्तू आपण बंद पडू देत नाही, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही थोडं वाटतं, पण थोडंच.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, राजुरीचे. शेती होतीच, पण लोक त्यांना ओळखायचे पाणबुडे म्हणून. नदीवर, धरणाच्या फुगवट्यावर शेतकऱ्यांचे पंप असतात. पंपाचा पाइप पाण्यात लांबवर गेलेला असतो आणि त्याच्या टोकाला फुटवॉल, म्हणजे पाणी आत घेणारी जाळीदार झडप. त्यात गाळ बसला किंवा मासेमारीचं फाटकं जाळं गुंडाळलं गेलं की पंप नुसता गुरगुरतो, पाणी ओढत नाही. मग दाजींना बोलावणं यायचं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर काठावर चालू करायचा, त्याची लांब नळी दातात धरायची आणि खाली उतरायचं. त्यांचा एक नियम कडक होता: नळी परक्याच्या हातात द्यायची नाही. ती माझी आक्काच सोडायची. नवरा पाण्याखाली आणि त्याचा श्वास हिच्या मुठीत, अशी तिनं किती वर्षं काढली असतील! त्या वेळी तिच्याशी बोलायला गेलं तर ती नुसता हात वर करायची, गप्प बसा म्हणून.

तरुणपणी दाजी मुंबईच्या गोदीत जहाजांचे तळ घासायच्या कामावर होते. काम सोडताना मुकादमानं त्यांना पाण्याखालची एक जुनी स्कूटर देऊन टाकली. दोन हात लांब, हंड्याएवढ्या जाडीचं नळकांडं, मागे पंखा, दोन्ही बाजूंना मुठी. मूठ दाबली की पंखा फिरतो आणि यंत्र माणसाला पाण्याखाली ओढत नेतं. एसटीच्या टपावरून ती राजुरीत उतरली तेव्हा कोणी तिला स्कूटर म्हटलं नाही. सगळा गाव तिला तोफ म्हणायला लागला. नव्वदच्या दशकात दाजींनी ती हौसेनं दोन-चार वर्षं चालवली. मग तिच्या पोटातली शिशाची जाडजूड बॅटरी मेली आणि तोफ माळ्यावर गेली. पाय धडधाकट होते, तिच्यावाचून काही अडत नव्हतं.

पुढे कांद्याची ट्रॉली उलटली आणि दाजींचा उजवा पाय तिच्याखाली आला. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. पाण्यात पाय मारता येत नाही म्हटल्यावर पाणबुड्याचं काय उरलं? बोलावणी थांबली. लोक भेटले की तब्येत विचारायचे आणि फुटवॉल काढायला दुसऱ्याला न्यायचे. दाजी दीड वर्ष ओट्यावर बसून होते. एक दिवस ती तोफ जीपमध्ये घालून ते माझ्या दुकानात आले.

"मेव्हणं," ते म्हणाले, "पाय गेलाय, दम न्हाई गेला. ही मला वढून न्हेईल. तुमी फकस्त हिला चालू करा. ह्या पाण्याबिगर मला करमत न्हाई बगा."

चेष्टेखोर माणूस, पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, महिन्याभरात पळवून दाखवतो.

मोटारीत मी नवी तार भरली. प्रश्न बॅटरीचा होता. तेव्हा लॅपटॉपच्या बॅटऱ्या नुकत्याच भंगारात यायला लागल्या होत्या. जुन्नरला एक चाचा होते, घड्याळापासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. त्यांनी त्या बॅटऱ्या फोडून आतले बोटाएवढे सेल काढले, एकेक तपासला, कमजोर ते बाजूला टाकले आणि चांगल्यांची जुडी बांधून दिली.

"भाऊ, ह्याला पानी लागलं तर आपली दोस्ती खतम," चाचा म्हणाले. "डबा लई घट्ट पायजे."

त्यामुळे आमचं सगळं लक्ष घट्टपणावर. जुडी तोफेच्या पोटात बसवली, झाकणाला नवं रबर लावलं आणि दुकानापुढच्या सिमेंटच्या हौदात तिची परीक्षा घेतली. परीक्षा कशी, तर आमच्याकडे ट्यूबचं पंक्चर बघतात तशी. वस्तू पाण्यात दाबून धरायची आणि बुडबुडे शोधायचे. मी दोन्ही हातांनी दाबली, तरी ती वर उसळायची. शेवटी मी तिच्यावर चक्क बसलो, तेव्हा कुठे बुडाली. चाचा हौदात डोकं घालून म्हणाले, एक बुडबुडा नाही! मग मूठ दाबली, पंखा असा फिरला की पाणी रस्त्यापर्यंत उडालं. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिजलेल्या पँटनं उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, आधी ही उचलायला दोन माणसं लागायची, आता एका हातानं उचला. लोक पुढे येऊन एका हातानं उचलूनही बघत होते.

थंडीत वरच्या अंगाला, फुगवट्यावरच्या एका पंपाचं काम मिळालं. तीन परस पाणी असेल, म्हणजे हात वर करून उभी तीन माणसं एकावर एक बुडतील एवढं. आक्कानं नळी धरली. दाजी लंगडत काठावर गेले, पाण्यात शिरले आणि तोफेचं तोंड खाली करून त्यांनी मूठ दाबली.

ते दिसेनासे झाले आणि लगेच वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी त्यांनी एका हातानं पाइप पकडून खाली उतरायचा प्रयत्न केला असावा. जरा वेळानं तोफ त्यांच्या हातून सुटली आणि पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीवरच्या भोपळ्यासारखी वर येऊन तरंगायला लागली. तिच्यामागून दाजी आले. नाकातून रक्त येत होतं. आम्ही त्यांना काठावर बसवलं. ते आपल्या दोन्ही पंजांकडे बघत म्हणाले, "हातात जोरच न्हाई राह्यला. धरवत न्हाई."

मलाही तेच खरं वाटलं. दीड वर्ष बसून असलेला माणूस, धरवणार कसं? पंपवाला म्हणाला, जाऊ द्या राव, जिवापेक्षा काय मोठं हाय. आक्कानं नळी गुंडाळली. त्या दिवशी तिचा चेहरा मोकळा दिसला आणि मला तिचा राग आला नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना तोफेतली जुनी बॅटरी भंगारात टाकायला उचलायला गेलो. एका हातानं हलेना. दोन्ही हातांनी उचलली तर कंबरेत कळ आली. ती खाली ठेवली आणि तिच्याशेजारीच बसलो. एवढं शिसं मी तोफेच्या पोटातून काढलं होतं आणि त्या जागी ओंजळभर सेल बसवले होते. तोफ पाण्याखाली राहत होती ती या वजनामुळे. आता ती तरंगणारच. दाजींचे हात ठणठणीत होते. ते माझ्या हलकेपणाशी झगडत होते, आणि रक्त त्यांचं आलं होतं.

मी आक्काला फोन लावला. सगळं सांगितलं.

"त्यांना सांगू नगं," ती म्हणाली. "आपलं आपण सोडलंय त्यांनी. मला आता ती नळी धरवत न्हाई रं. लई वर्सं धरली. तुला माजी आण हाय."

थोरल्या बहिणीनं आण घातली, मी काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. चुकलो हे कबूल करायची मला लाजही वाटत होती, आणि तिच्या आणेखाली माझी लाज आयती झाकली गेली. मी मूग गिळून बसलो.

आठव्या दिवशी राजुरीला जेवायला गेलो. दाजींनी पाण्यातला चष्मा आणि पायातले रबरी पंखे एका ओळखीच्या पोहणाऱ्याला देऊन टाकले होते. जेवताना त्यांनी लोणच्याची बरणी हातात घेतली, झाकणावर हात ठेवला आणि न फिरवताच बरणी आक्कापुढे सरकवली. "तू उघड," म्हणाले, "माजं हात आता कामाचं न्हाईत." आक्कानं झाकण दोन बोटांनी उघडलं. सैलच होतं ते. ती खाली मान घालून लोणचं वाढायला लागली.

मी हातातला घास ताटात ठेवला. "दाजी," मी म्हटलं, "हात चांगलेत तुमचे. चूक माझी आहे." आणि ताटावरच सगळं सांगून टाकलं, वजनाचं, शिशाचं, हौदात मी वर बसलो त्याचंही. आणेचं तेवढं नाही सांगितलं. दाजींनी ताटात हात धुतला आणि एवढंच म्हणाले, "मग वजन घाला की तिच्यात."

दुकानात जुन्या मोटारींच्या लोखंडी पत्र्यांचा ढीग होता. ते पत्रे तोफेच्या तळाला आवळून बसवले, काढत घालत, हौदात सोडून सोडून बघितलं. शेवटी अशी जमली की खाली सोडली तर बुडेना आणि वर सोडली तर तरंगेना, होती तिथेच राहायची. पुढच्या आठवड्यात त्याच पंपावर गेलो. आक्का येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. आल्या आल्या तिनं नळी हातात घेतली. दाजी गेले ते गेलेच. मी घड्याळ बघत होतो, ती पाणी. बऱ्याच वेळानं लांबवर त्यांचं डोकं वर आलं आणि त्यांनी फाटकं जाळं हातात धरून उंच दाखवलं. पंप चालू केला, पाणी आलं.

काठावर बसून अंग पुसताना त्यांनी मला विचारलं, "मेव्हणं, तुमाला कळल्याव किती दिस घालवलं तुमी?"

"आठ," मी म्हणालो.

"आठ दिस म्हातारा करून ठिवलं व्हतं राव तुमी मला."

रागानं म्हणाले असते तर मी दोन शब्द बोललो असतो. पण ते सहज म्हणाले. नळी गुंडाळता गुंडाळता आक्का थांबली. "त्याला गप म्याच केलं व्हतं," ती म्हणाली. "माजी आण घालून."

दाजींनी अंग पुसायचं थांबवलं. मग हळू म्हणाले, "तुजं न्हाई काय चुकलं. तुला नवरा पायजे व्हता." आणि माझ्याकडे वळून, "पर तुमी तर माज्यासाठी हौदात उतरणारं गडी. तुमी कशापायी गप बसला?"

"लाज वाटली, दाजी," मी म्हणालो आणि तोफ उचलायला वाकलो; आता ती एका हातानं हलत नव्हती.