‘टिटवाळा स्लो’ आणि काकूंचा भात

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की डोंबिवली पूर्वेतल्या एका दोन खोल्यांच्या घरातला भात यापुढे कधीही कच्चा राहणार नाही. या बातमीचं महत्त्व तुमच्या लगेच लक्षात येणार नाही. माझ्याही आलं नव्हतं. सतीशचा फोन आला तेव्हा मी कळव्याच्या बाजारात कोलंबी निवडत होतो. “मिल्या गेला रे,” सतीश म्हणाला. “सकाळी, झोपेतच...” मी कोळणीला म्हणालो, “मावशी, जरा मोठी द्या,” आणि मग रडायला लागलो. हे याच क्रमानं का झालं, ते मला अजून उमगलेलं नाही. मिलिंदच्या बाबतीत मला न उमगलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यात ही एक भर.

मिलिंद, सतीश आणि मी कल्याणच्या कॉलेजात असताना बँड काढला. नाव ‘काळा फत्तर’. सतीश ड्रम बडवायचा, मी बेस गिटार धरून गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचो आणि मिल्या गिटार वाजवत गायचा. गायचा म्हणजे स्टेजभर उधळायचा! मानेला असा झटका द्यायचा की खांद्यापर्यंतचे केस पुढच्या रांगेवर वारा घालायचे. पुढे केस गेले, झटका राहिला. कॉलेजच्या गॅदरिंगपासून ठाण्यातल्या हॉटेलांपर्यंत आणि कंपन्यांच्या पार्ट्यांपर्यंत आम्ही वाजवत राहिलो. लोक नाचायचे, आम्ही घामाघूम व्हायचो, सगळं कसं समजण्यासारखं होतं.

आणि मग चाळिशी उलटल्यावर या माणसानं सिंथेसायझर, म्हणजे त्याच्या भाषेत सिंथ, घरी आणला. हार्मोनियम आणि जुनं टेलिफोन एक्स्चेंज यांचं लग्न लावून दिलं तर जे काय होईल, तसं ते यंत्र दिसायचं. खाली पट्ट्या, वर नुसती बटणं आणि वायरींचा गुंता. “हे बँडचं नाही हां,” मिल्यानं बजावलं. “हे माझं एकट्याचं.” ज्या माणसाला स्टेजवर क्षणभर एका जागी उभं राहता येत नव्हतं, तो आता एक पट्टी दाबून बसायचा आणि दुसऱ्या हातानं एक बटण इतकं हळू फिरवायचा, की बघणाऱ्याला वाटावं डुलकी लागली. आवाज कधी विहिरीत भुंगा अडकल्यासारखा, कधी पाण्याखाली कुणी देवळातली घंटा घासत बसल्यासारखा. या प्रकाराला त्यानं नाव दिलं ‘टिटवाळा स्लो’.

“का रे, हेच नाव का?”

“त्या लोकलला घाई नसते म्हणून.”

“अरे, पण आतल्या माणसांना असते ना!”

“मग त्यांनी फास्ट पकडावी.”



‘टिटवाळा स्लो’ची एकच लांबलचक रचना होती आणि ती तो कित्येक वर्षं घासूनपुसून नीट करत होता. एकदा संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर भेळ खाताना, अगदी सहज, म्हणाला, “एकानं तरी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला पाहिजे यार. आवडलं नाही तरी चालेल. फक्त ऐकावं.” मी म्हटलं, एवढंच ना? गेलो घरी, बसलो समोर. बराच वेळ गुणगुण, मग एक लांब शिट्टी, पुन्हा गुणगुण, पुन्हा शिट्टी... आणि शांतता. मी मांडीवर थाप मारून म्हणालो, “वा! भारी!”

“ऐकलंस?”

“ऐकलं की!”

“नाही ऐकलंस,” म्हणाला, यंत्र बंद केलं आणि चहा मागवला. सतीश तर टाळ्या वाजवून उठलेला. त्यालाही तेच उत्तर. समोर बसून ऐकलं आणि हा म्हणतो, नाही ऐकलंस! आम्ही दोघं कित्येक दिवस एकमेकांचे कान तपासत होतो.

त्या घरात या संगीताची एक उघड शत्रू होती. मिल्याची आई, म्हणजे आमच्या काकू. मिल्याची खोली आणि स्वयंपाकघर यांत एकच भिंत. काकू कुकर लावायच्या, भिंतीपलीकडून शिट्टी व्हायची, काकू ती मोजायच्या आणि गॅस बंद करायच्या. मग ताटात कच्चा भात.

“मेल्या, तुझ्या मशीनपायी आज परत तांदूळ चावायचे!”

“आई, जरा कान देऊन ऐक ना. आपला कुकर फुसफुसतो. माझं मशीन गातं.”

“गातं म्हणे! बोक्याचा गळा दाबल्यासारखं!”

शेवटी काकू कुकरसमोर उभ्या राहून डोळ्यांनी शिट्ट्या मोजायला लागल्या. तरी जरा पाठ वळली की भात कच्चाच!

शोकसभा त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. फोटोशेजारी टेबलावर तो सिंथ ठेवलेला. शेजारच्या कुणीतरी त्यावरही झेंडूचं फूल वाहिलं होतं. सतीशनं मला फर्मावलं, “मिल्याच्या त्या संगीताचा अर्थ काय, ते तू सांग.” मला! त्याआधी सगळे श्रद्धांजलीला उभे राहणार आणि मागे ‘टिटवाळा स्लो’चं रेकॉर्डिंग वाजणार, ही कल्पनाही सतीशचीच. दोन मिनिटांनी आवाज कमी करून ‘ॐ शांती’ मी म्हणणार, असं त्याला वाटलं. तो म्हणणार, असं मला. त्यामुळे कुणीच म्हटलं नाही. हॉलभर माणसं माना खाली घालून उभी. आधी कोण बसणार? गुणगुण वाढत गेली. मागून कुजबुज ऐकू आली, “इन्व्हर्टर गेला वाटतं.” सोसायटीचे सेक्रेटरी चवड्यांवर चालत जाऊन स्पीकरची वायर हलवून आले. एक शिट्टी झाली. आजोबा मंडळींनी गुडघे बदलले. बऱ्याच वेळानं दुसरी. आणि मग ती ओळखीची शांतता.

सुटलो, असा एक सामुदायिक सुस्कारा ऐकू आला. खुर्च्या सरकल्या. सतीशनं स्पीकरच्या बटणाकडे हात नेला आणि मी, अर्थ सांगायला, घसा खाकरत माइकपाशी पोचलो. तेवढ्यात पहिल्या रांगेत अजून ताठ उभ्या असलेल्या काकू, अख्ख्या हॉलवर, भात बिघडवणाऱ्यावर ओरडावं तशा ओरडल्या,

“अरे, बसता काय सगळे? तिसरी शिट्टी कुठे झालीये अजून!”