खुल्या गटात

माझं पळणं कुणी बंद पाडलं नव्हतं. पाडलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

गंगापूर रोडच्या पलीकडे, जिथे आता नुसत्या इमारती दिसतात, तिथे आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, मध्येमध्ये मेथी-कोथिंबीर. वडिलांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मला विहिरीत सोडलं आणि काही दिवसांनी न सांगता डबा काढून घेतला. पोहायला मी अशी शिकले. सायकल शिकले ती बाजारात फुलं पोचवायला. पळायला मात्र कुणी शिकवलं नाही. शाळेला उशीर झाला की बांधावरून पळत सुटायचं, एवढंच. कॉलेजात खेळाच्या सरांनी मला एकदा पळताना पाहिलं आणि क्रॉसकंट्रीच्या संघात घातलं. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. विद्यापीठाच्या स्पर्धांत माझं नाव पहिल्या पाचांत असायचं. त्या वयात मला वाटायचं, दम लागतो तो इतरांना.

मुलगा बघायला आला तेव्हा मी स्वतःच सांगितलं, "मी पळते." सासरे हसून म्हणाले, "पळा की. आमची कसली हरकत?" आणि खरंच, कुणी हरकत घेतली नाही. फक्त सातपूरला आमच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे यायचं. नेमकी माझी पळायची वेळ. पिंप, हंडे, कळश्या भरायच्या, मग पहिल्या पाळीला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा, मग सासऱ्यांचा चहा. पुढे मुलगी झाली, मग मुलगा. सासरे गेले. एकेक वर्ष असं पिंपात ओतलं गेलं आणि मी तिशी ओलांडली.

एका संध्याकाळी माहेराहून परत येताना गंगापूर रोडला सर भेटले. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. बरोबर पळून आलेल्या मुलींचा घोळका होता. त्यांनी मुलींना माझी ओळख करून दिली. "ही एके काळी फार छान पळायची बरं का."

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. हातात भाजीची पिशवी, कडेवर मुलगा, पायांत घसरणारी चप्पल. एक जण फुलं कोमेजल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हो का, काकू?"

सर चांगुलपणानंच बोलले होते. पण ते 'पळायची' मला बसमध्ये बसल्यावरही बोचत राहिलं. माझे पाय होते की अजून. गेले होते कुठे?

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "उद्यापासून पाणी तुम्ही भरा. मी पळायला जाणार आहे."

तो कारखान्यात लेथवर काम करायचा. बोलणं कमी, विचार करायला वेळ लागायचा. घास संपवून म्हणाला, "नळावर सगळ्या बायका असतात."

"पाणी पुरुषांच्या हातानंही भरतं."

"आठ दिवस बघू," तो म्हणाला.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. "पळून वाळली म्हणजे लोक म्हणतील, सून उपाशी ठेवली."

पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट आणि ओढणी कमरेला घट्ट गुंडाळून मी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागले. वाटलं होतं, शरीराला आठवेल. काही आठवलं नाही. पहिल्याच चौकात छाती फुटायला आली. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला पळताना काय काय सांभाळावं लागतं ते तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक धक्क्याला थोडी लघवी सुटायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. घरी आले, गडद रंगाचे कपडे वेगळे काढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ह्या गोष्टीवर बायका एकमेकींशीही बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. पळणं थांबवायला ते कारण मला पुरेसं वाटलं नाही.

रात्रपाळी सुटून येणारे कामगार शिट्ट्या मारायचे. एक जण मोटारसायकल माझ्या बाजूला हळू चालवत म्हणाला, "वहिनी, बस चुकली का?" मी थांबले. तोही थांबला. मी त्याच्या कारखान्याचा बिल्ला मोठ्यांदा वाचला आणि म्हटलं, "उद्या तुमच्या गेटवर येऊन विचारते, कुठली बस ते." पुन्हा तो त्या रस्त्यानं दिसला नाही.

नवऱ्याला कारखान्यात जास्त ऐकावं लागलं. "तुझी बायको पळाली म्हणे!" कुणीतरी कॅन्टीनमध्ये ओरडायचं आणि सगळं टेबल हसायचं. घरी येऊन तो माझ्याशी धड बोलेना. आठ दिवस केव्हाच उलटले होते. मला वाटलं, आता नको म्हणणार. पण एकदा तो बूट काढता काढता म्हणाला, "आज सांगितलं त्यांना."

"काय?"

"म्हटलं, हो, रोज पळते. आणि रोज परत येते. तुमच्या घरी जाऊन विचारा, तुमची पळायला मोकळी आहे का."

एवढं लांब वाक्य तो लग्नात नाव घेतानाही बोलला नव्हता.

काही महिन्यांनी मी सरांकडे गेले. त्यांनी कौतुकानं खुर्ची दिली. "छान आहे. तब्येतीसाठी कर. पण आता टायमिंगच्या मागे लागू नकोस."

"सर, घड्याळ लावा."

"अगं, कशाला..."

"लावा तर खरं."

मैदानाला ठरलेल्या फेऱ्या मारून आले तेव्हा ते घड्याळाकडे पाहत राहिले. वेळ इतकी वाईट होती की त्यांनी मला ती सांगितलीच नाही. मी त्यांच्या हातातून घड्याळ घेतलं आणि वाचली. "आता ही कमी करायची," मी म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. पण मी मैदानावर गेले की ते मुलींबरोबर माझंही घड्याळ लावायला लागले.

ट्रायथलॉन हा शब्द तिथेच ऐकला. शहरातल्या हौशी मंडळींच्या एका क्लबानं गंगापूर धरणाच्या बाजूला स्पर्धा ठेवली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मध्ये विश्रांती नाही. सरांच्या मुली जाणार होत्या. ऐकल्यावर मला हसूच आलं. पाणी, सायकल, पळणं. माझं सगळं लहानपण कुणीतरी एकापाठोपाठ एक लावून ठेवलं होतं.

महापालिकेच्या तलावावर दुपारी बायकांची बॅच असे. मी विहिरीतलं पोहायचे, मान वर काढून, म्हशीसारखं. डोकं पाण्यात घालून श्वास घ्यायला शिकता शिकता अर्धा तलाव प्याले. जुन्या सायकलींच्या दुकानातून नवऱ्यानं गियरची सायकल आणली, अंगणात तिचा एकेक भाग सुटा केला, साफ केला, पुन्हा जोडली. सासूबाईंनी पोहायचे कपडे दोरीवर वाळत घातलेले पाहिले आणि त्यांवर न बोलता एक जुनं लुगडं पसरलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र त्या बोलल्या. "बुडालीस तर तुझी पोरं मी सांभाळणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"नाही बुडणार, आई."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

नाव नोंदवायच्या टेबलावर टोपी घातलेले एक गृहस्थ होते. वय ऐकून ते हसले. "तिशीच्या पुढच्या महिलांसाठी हौशी गट ठेवलाय, ताई. घड्याळ नाही, नंबर नाही. सगळ्यांना मेडल."

"त्या गटात किती जणी आहेत?"

"सध्या तुम्हीच."

"मग मला खुल्या गटात घाला."

"तिथे कॉलेजच्या मुली आहेत हो."

"म्हणूनच."

त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. मी निर्धास्त झाले.

सकाळी धरणाचं पाणी असं गार होतं की पाय टाकताच पोटऱ्या आखडल्या. शिट्टी झाली आणि मुली माशांसारख्या निघून गेल्या. मधल्या तरंगत्या पिंपापाशी मी डोकं पाण्यात घालून श्वास घ्यायचं शिक्षण सोडून दिलं आणि सरळ विहिरीतलं पोहले. म्हैस तर म्हैस. पाण्यातून बाहेर आले तेव्हा माझ्या मागे एकच मुलगी होती.

सायकलवर बसले आणि जग माझ्या ओळखीचं झालं. गिरणारे सोडल्यावर हरसूलच्या दिशेनं रस्ता चढायला लागतो. त्या दिवशी हरसूलचा बाजार असावा. माणसांनी गच्च भरलेल्या जीपा चालल्या होत्या, कडेनं डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया झपाझप चालत होत्या. त्यातली एक ओरडली, "कुठं चालली गं बाय एवढ्या घाईनं?" मला उत्तर द्यायला दम नव्हता. मी हात वर केला. तिनंही डोक्यावरची पाटी एका हातानं धरून दुसरा हात वर केला. चढावर दोन मुली सायकलवरून उतरून चालत होत्या. मी उतरले नाही. फुलांच्या पाट्या लादून चढ चढलेल्या पायांना रिकामी सायकल म्हणजे काय! त्या दोघींना मागे टाकलं, परतीच्या वाटेवर आणखी एकीला.

पळायला लागले तेव्हा मांड्यांचे ओंडके झाले होते. पण पुढे थोड्या अंतरावर निळा टीशर्ट दिसत होता. मैदानावर रोज पाहिलेला, मी ओळखला. 'हो का, काकू?' म्हणणारी तीच मुलगी. तिच्या पुढे दोघी होत्या आणि त्या खूपच पुढे होत्या. म्हणजे ही तिसरी. मी तिच्या पाठीवर नजर ठेवली. अंतर कमी होत होतं. शेवटच्या वळणावर सर उभे होते. ते तिला ओरडून सांगत होते, "मागे बघू नकोस! मागे बघू नकोस!" मागे मीच होते. क्षणभर फार लागलं ते. मग राग आला, आणि रागानं मला जे दिलं ते कुठल्याही सरावानं दिलं नव्हतं. वळणानंतरच्या उतारावर मी तिला मागे टाकलं. पुढे फक्त दोरी होती, ती ओलांडली आणि रस्त्यावरच बसले.

बक्षिसं द्यायला मांडव घातला होता. पहिली, दुसरी, आणि तिसरी म्हणून निळ्या टीशर्टवालीला बोलावलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग टोपीवाले गृहस्थ माइकवर म्हणाले, "आणि आपल्या हौशी ताई, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!" त्यांनी माझ्यासमोर एक मेडल धरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पुढे केला नाही.

"मी खुल्या गटात पळलेय. तिसरी आलेय."

ते माइक बाजूला धरून हळूच म्हणाले, "ताई, ती लहान मुलगी आहे. तुम्ही मोठं मन करा."

"मोठं मन घरी ठेवून आलेय."

पुढच्या रांगेत हसू फुटलं. त्यांचा चेहरा बदलला. "यादीत तुम्ही हौशी गटात आहात. आता काय करणार?"

"यादी तुम्ही लिहिलीत. पळले मी."

खाली नवरा उभा राहिला होता. तो वर येणार असं दिसलं तसं मी त्याला हातानं थांबवलं. हे माझं होतं. सर एका बाजूला मुलींबरोबर बसले होते. मी त्यांच्याकडे वळले. "सर, शेवटच्या वळणावर तुम्ही होता. दोरीपर्यंत तुम्हाला सगळं दिसत होतं. पुढे कोण होतं?"

त्यांच्या शेजारी त्यांची विद्यार्थिनी होती, हातात बक्षिसाची ढाल. त्यांनी आधी त्या ढालीकडे पाहिलं. तेवढ्या वेळात मला कळलं की ते खोटं बोलले तर मी पुन्हा त्यांच्या मैदानावर पाऊल ठेवणार नाही, पण पळणं सोडणार नाही. मग ते उठले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही."

निकालाच्या फळ्यावर खडूनं नाव खोडायला आणि लिहायला फार वेळ लागला नाही. मुलगी ढाल घेऊन माझ्यापाशी आली. डोळे लाल होते. "घ्या," ती म्हणाली. "तुम्ही उतारावर पुढे गेलात ना, तेव्हा मी तुम्हाला शिवी दिली होती."

"कुठली?"

तिनं सांगितली. मी म्हटलं, "एवढीच? मी तुला याहून मोठी दिली होती, वळणावर." ती रडता रडता हसली.

सर गाडीपर्यंत आले. माफी वगैरे काही मागितली नाही, आणि मलाही नको होती. "पाण्यात फार वेळ घालवलास," ते म्हणाले. "सोमवारी तलावावर ये."

त्यानंतर बरीच वर्षं मी स्पर्धांना जात राहिले. पुढच्या वर्षी क्लबानं तिशीपुढच्या महिलांसाठी वेगळा गट काढला, घड्याळ आणि नंबरासकट, आणि आमच्या गल्लीतल्या दोघी त्यात पळल्या. टोपीवाल्यांनी माझं नाव मोठ्या हौसेनं त्या गटात लिहायला घेतलं. मी त्यांचा पेन धरला आणि म्हटलं, "खुल्या." त्या वर्षी मी सहावी आले. मला चालण्यासारखं होतं.