'पाठवा' दाबलं की पुसणारं बटण

आता माझीच फजिती मी तुम्हाला सांगते. चहा घ्या, पण मध्ये हसू नका. मला राग येतो, आणि या किश्शात तो आधीच भरपूर आहे.

बाबांची मिल बंद झाली तेव्हा मी नुकतीच वेबसाइट बनवायला शिकले होते. इंदूरला सांवेर रोडवरच्या एका नव्या कारखान्याला फिटर हवे होते. अर्ज घ्यायची वेबसाइट मी बनवलेली, आणि अर्ज करणारे आमचे बाबा, मिलमध्ये जन्मभर मशिनी दुरुस्त केलेले. माझे सुटे पैसे सोडले तर घरात दुसरी कमाई नव्हती, म्हणजे ही नोकरी लागायलाच हवी होती.

सायबर कॅफेत बाबांनी एका बोटानं पाऊण तास फॉर्म भरला. 'अर्ज पाठवा' हे बटण दाबलं. सगळे रकाने कोरे झाले.

"गेला?"

"गेला. कोरा झाला म्हणजे गेला."

"पावती?"

"बाबा, कॉम्प्युटर पावती देत नाही."

"बेटा, मिलवाले भी हेच बोलले होते. अर्ज वर पाठवलाय, चिंता मत करो."

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या कॅफेसमोर मी त्यांना झापलं की तुमचा नव्या कशावर विश्वासच नाही. आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

आठवड्यानं कारखान्याच्या तुकोगंजमधल्या ऑफिसातून मॅनेजरचा फोन आला, वेबसाइटवरून एकही अर्ज पोहोचला नाही म्हणून. मी तडक तिथं जाऊन भांडले. "लोकांना साधं बटण दाबता येत नाही, त्याला मी काय करू?"

"बोलून झालं असेल तर हे वाचा," मॅनेजर म्हणाले. "एक अर्ज आलाय, कागदावर. शिक्का मारून पावती घेऊन गेले."

बाबांचं अक्षर. खाली लिहिलेलं: 'नेटची वायर काढून बटण दाबलं, तरी फॉर्म कोरा होतो. मग जातो कुठे?'

वायर काढून? मी तावातावानं तिथल्याच कॉम्प्युटरवर कोड उघडला. बटणावर लिहायचं एक असतं आणि त्याला काम द्यायचं दुसरं. सबमिट म्हणजे पाठव, रीसेट म्हणजे पूस. मी पुसायचं बटण कॉपी करून त्यावर फक्त नाव बदललं होतं. काम रीसेटचंच राहिलं. आठवडाभर अख्ख्या इंदूरचे फिटर अर्ज भरत होते आणि मी पुसत होते.

"मुदत वाढवतो," मॅनेजर म्हणाले. "वायर काढून बघणाऱ्याला मात्र उद्यापासूनच कामावर बोलावलंय. शेवटचं वाचलंत का?"

कागद उलटला. मागे होतं: 'वेबसाइटवाली माझीच मुलगी आहे. तिच्यावर चिडू नये, चिडायचं काम घरात तिचंच आहे.'