पुण्याच्या गाडीतल्या दोन जागा

"जागा हाय, निवांत या!"

खिडकीतून अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळत तो ओरडायचा. दुष्काळाच्या त्या वर्षांत तुम्ही उस्मानाबादच्या स्टँडवरून रात्रीची पुण्याची गाडी पकडली असेल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार. गाडी फलाटाला लागायच्या आधीच हा पठ्ठ्या पळत जाऊन खिडकीतून दस्ती टाकायचा. दस्ती म्हणजे आमच्याकडं रुमाल. ती पडली की जागा धरली. मग गिऱ्हाईकाला बसवायचं, देतील ती चिल्लर घ्यायची आणि उतरायचं. घर म्हणाल तर स्टँडवरचं बाकडं.

मी तिथं कंट्रोलर, कायमचा रातपाळीला. माईकवरून गाड्या पुकारायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या. मी त्याला रोज चिडवायचो, "अरे, साऱ्या जगाला बसवतोस, तू कधी जाणार?"

"आपल्याला कोण बोलावतंय, साहेब?" म्हणून तो हसायचा.

मग ती आली, ईट गावाकडची. नवरा पोटासाठी पुण्याला गेलेला, न्यायला येतो म्हणून आलाच नाही. सासरच्यांनी बाहेर काढलं. कँटीनमध्ये भांडी घासायची आणि बायकांच्या खोलीत पडायची. तिला पाहून हा गडी पार बदलला. दाढी करायला लागला. भज्यांचा पुडा तिच्यापुढं ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचा. "भाऊ, तुमी खाल्लं का?" ती विचारायची. तेवढ्यावर त्याची रात्र निघायची. मला त्या 'भाऊ'चं फार वाईट वाटायचं. त्याला ते विचारल्याचंच अप्रूप.

नवऱ्याला तिची पत्रं मीच लिहून द्यायचो. शेवटी एकदाचं उत्तर आलं: ये, पुण्याच्या स्टँडवर घ्यायला येतो. मी वाचून दाखवलं तशी ती ढसाढसा रडली. हा शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. "साहेब, एकटी बाई. पुण्यापोतर सोबत जाऊ का? शेजारी बसतो निस्ता. सकाळी माघारी येतो. तुमी सांगा की तिला."

"खूळ लागलं का रे तुला?" मी म्हणालो. वर हसलोही. काय हसण्यासारखं होतं त्यात!

त्या रात्री त्यानं दोन जागा धरल्या. खिडकीजवळची तिला, शेजारची स्वतःला. धुतलेला सदरा, हातात पिशवी. ती चढली, बसली, आणि त्याला शेजारी टेकताना पाहून गडबडीनं उठली.

"नगं भाऊ. आमचं मालक स्टँडवर असतील. काय म्हणतील ते?"

तिचं तरी काय चुकलं? कितीतरी दिवसांनी घर मिळत होतं. तिनं त्याची दस्ती नीट घडी करून त्याच्या हातात दिली. तो खाली उतरला. दारात एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती. तिला हात देऊन त्यानं वर चढवलं.

"जागा हाय," तो म्हणाला, "निवांत या."

त्यानंतर त्यानं गिऱ्हाईकं सोडली. रोज पुण्याच्या गाडीत फक्त एक दस्ती टाकायचा, त्याच जागेवर. घंटी झाली की उचलून उतरायचा. लोक भांडायचे, एकदा तर मारलाही.

मी खेकसलो, "कुणासाठी धरतोस रे?"

"आपल्यासाठीच."

"मग बस की! जा एकदाचा!"

"तिनं नगं म्हनलंय न्हाय का, साहेब."

थंडीतल्या एका पहाटे तो बाकड्यावरून उठलाच नाही. हवालदार मला नाव-गाव विचारू लागला. बेंबळीपासून पुण्यापर्यंतची गावं रोज घसा फोडून पुकारणारा मी. मला त्याचं नाव सांगता येईना. इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं.

दस्ती त्याच्या मुठीत होती. बोटं सोडवून मी ती काढली आणि त्याच्या तोंडावर टाकली.