अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव

करोनानं सोलापुरात घरटी एक डॉक्टर तयार केला. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की आरडाओरडा करायचा, एवढंच त्यांचं शिक्षण. मी छातीच्या वॉर्डातली सिस्टर. या डॉक्टरांनी माझं डोकं पार उठवलंय.

आमच्याकडे दाखल असलेल्या शिवयोगी आप्पांच्या घरच्यांनीही तेच केलं. आप्पांची छाती विडीनं कधीच खराब झालेली. आमची नजर चुकवून घरच्यांनी ऑक्सिजनचा नॉब वाढवला. आकडा अठ्ठ्याण्णव झाला, आप्पा शांत झोपले, सगळे खूश. अशा छातीला ऑक्सिजन जास्त झाला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. आप्पा त्या झोपेतून उठलेच नाहीत.

आमच्या डॉक्टर अपेक्षा मॅडम, माळशिरसच्या शेतकऱ्याची लेक, त्यानंतर हट्टालाच पेटल्या. जुने केसपेपर काढले, आम्हा सिस्टरांनाही बैठकीत बसवलं आणि वॉर्डाचा प्रोटोकॉल नव्यानं लिहायला घेतला. अशा पेशंटचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवमध्येच ठेवायचा, नॉबला नातेवाइकांनी हात लावायचा नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, "शास्त्र बरोबर आहे हो, पण नातेवाईक काचा फोडतील."

"मग नव्या बसवू," मॅडम म्हणाल्या. नियम झाला. पाटी मराठीत लागली, खाली कन्नड आणि तेलुगूत.

गेल्या थंडीत मॅडमचे वडीलच दाखल झाले. हिंदुराव आबा, जन्मभर विडी ओढलेले. आकडा नव्वद. मॅडमचा धाकटा भाऊ अभिमन्यू तापला आणि त्यानं थेट नॉबला हात घातला.

"ताई, लई कमी हाय की हे! बाप हाय तुजा!"

"तुजा बी हाय. हात काड." मॅडमच्या तोंडून माळशिरस बाहेर आलं. त्याचा हात त्यांनी स्वतःच बाजूला केला. नॉब जिथल्या तिथं राहिला.

थोड्या वेळानं आबांचा डोळा लागला. "झोपू दे आता," अभिमन्यू म्हणाला. मॅडम मात्र त्यांना गदागदा हलवू लागल्या. आबा हलेनात. मी आबांची नाडी धरली. मॅडमनी पुन्हा हलवलं, हाका मारल्या.

"कवाधरनं हलवायलीस गं?" आबा खेकसले. "मेलो न्हाय मी अजून!"

मॅडम तिथंच ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून भावाला म्हणाल्या, "असंच उठवत ऱ्हा. शिव्या दिल्या की समज, बरं चाललंय."